झाकणावरचा आकडा

चिंचवड स्टेशनमागच्या गल्लीत जहीरचं वर्कशॉप होतं आणि तिथं एकच माल तयार व्हायचा, इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. कार्बोरंडमची बारीक भुकटी ग्रीसमध्ये घोटायची, पत्र्याच्या चपट्या डब्यांत भरायची, वर झाकण. झाकणावर एका गोलात ७८६ हा आकडा उठवलेला असे. बिस्मिल्लाच्या अक्षरांच्या ठरलेल्या अंकांची ही बेरीज जहीरच्या वडिलांनी, नवाब मिस्त्रींनी, अगदी पहिल्या डब्यापासून लावली होती. पिंपरीपासून चाकणपर्यंतचे मेकॅनिक, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, दुकानात जाऊन नुसतं "सातशे शहाऐंशी द्या" म्हणत. रिकामा डबा भंगारात जाई, झाकण मात्र कुणी फेकत नसे. ते गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलेलं दिसे.

नवाब मिस्त्री गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९७४ साली, कुवेतच्या एका व्यापाऱ्यानं नमुना पसंत केला. त्याची अट साधी होती. तुमची निशाणी आमच्या देशात तुमच्या नावावर नोंदवून घ्या, नाहीतर कोरी झाकणं पाठवा, मी त्यावर माझा ससाणा छापीन.

जहीर हरखून गेला होता. वडिलांना हजला जाणं जमलं नव्हतं. निदान त्यांचा आकडा तरी अरबांच्या मुलखात पोचेल. "आपल्याच माणसांचा देश," तो भागीदार उद्धवरावांना म्हणाला होता, "त्यांना काय समजावून सांगायचं?"

नोंदणीचं काम बघणाऱ्या मुंबईच्या वकिलांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"हा रिवाज आपल्याकडचा. तिकडे कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या लेखी हा नुसता आकडा, आणि नुसता आकडा ते नोंदवत नाहीत."

"मग अर्थ सांगा ना त्यांना."

"सांगितला की ते देवाचं नाव झालं. देवाचं नाव तर मालावर मुळीच नोंदवत नाहीत. त्यात तुमचा डबा ग्रीसचा."

ग्रीसच्या डब्यावर आपण काय लावतो, हे असं जहीरला कुणी कधी बोललं नव्हतं.

वकिलांनी तोडही काढून ठेवली होती. गोलाला चक्रासारखे दाते काढायचे म्हणजे नक्षीसकट नोंद होईल. सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडायचं की हा कारखान्याचा जुना क्रमांक असून त्याला कोणताही धार्मिक अर्थ नाही. तेवढी सही हवी होती.

कागद घेऊन तो चिंचवडला परतला. उद्धवराव झाकणं काढायच्या प्रेसपाशी उभे होते. मावळातला गडी, बोलणं रोखठोक.

"करा की सही, जहीरभाऊ. तिकडं कुणाला कळतंय? आन् अल्ला काय कुवेतच्या हाफिसात कारकून हाय व्हय?"

"तुमच्या खंडोबाची मूर्ती असती झाकणावर, आणि हा खंडोबा नाही, कुणीतरी घोडेस्वार आहे असं लिहून द्यायचं असतं, तर?"

उद्धवरावांनी फडक्याला हात पुसले.

"मला नगा इचारू," ते म्हणाले. "तुमच्या आईस्नी इचारा."

खातूनबी आतल्या खोलीत डब्यांना झाकणं लावत होती. आई चिडेल, आकडा सोडू नकोस म्हणेल, आणि मग सहीचा भार आपल्या एकट्यावर राहणार नाही, असं जहीरला कुठंतरी वाटत होतं. त्यानं कागदाचा अर्थ सांगितला.

"परत सांग."

त्यानं परत सांगितला.

"आकडा काढ," ती म्हणाली.

"अम्मी, तो अब्बांचा आहे."

"म्हणूनच. आकडा नसला म्हणून अल्लाचं काही अडत नाही. पण आकडा ठेवायचा आणि अर्थ नाही म्हणून लिहून द्यायचं? ते तुझ्या अब्बांच्या नावानं मला चालणार नाही." तिनं एक झाकण तळहातानं दाबून बसवलं. "पण त्यांची निशाणी तिकडे जाणार नाही, हे मला सोसेल असं समजू नकोस. मला ते सोसणार नाही."

"मग दुसरी काही निशाणी नोंदवू. पक्षी, तारा."

"अब्बांचा माल ताऱ्याच्या नावानं विकायचा तर ससाणा काय वाईट आहे?"

दुसऱ्या दिवशी जहीरनं सही न केलेला कागद वकिलांना परत धाडला. मग प्रेसमधला आकड्याचा साचा सोडवून तिथं सपाट साचा बसवला. उद्धवराव शेजारी येऊन उभे राहिले.

"मग ती पेस्ट आपली, हे तिकडं कशावरून कळंल?"

"नाही कळणार."

प्रेस सुरू झाला. कोरी झाकणं टोपलीत पडू लागली. खातूनबीनं त्यातलं एक उचललं, बोटांनी चाचपलं आणि कुवेतच्या पहिल्या डब्यावर ठेवून दाबलं.

"तिकडच्या एखाद्या मिस्त्रीला माल आवडला," तिनं विचारलं, "तर दुकानात जाऊन तो काय म्हणेल?"

"ससाणा द्या," जहीर म्हणाला.

तिनं दुसरं झाकण उचललं.