अभिमन महाराजांच्या अडतीस कॅसेटी

अभिमन महाराजांचं वर्षश्राद्ध शनिवारी होतं, आणि शुक्रवारी सकाळी माझा कॉम्प्युटर सुरूच होईना.

सोनगीरला देवळात गावाला बसवून महाराजांचंच कीर्तन लावायचं, असं त्यांच्या पत्नीने, कलाबाई अक्कांनी ठरवलं होतं. ती कीर्तनं माझ्याकडे. महाराज गेल्यावर अक्कांनी घरातल्या अडतीस कॅसेटी पिशवीत भरून मला जळगावला आणून दिल्या होत्या. फिती चिकटायला लागल्या होत्या. मी महाराजांचा जुना टाळकरी, एसटीतून निवृत्त झालेला, वेळच वेळ. पाच महिने बसून एकेक बाजू कॉम्प्युटरवर उतरवली. पुष्कळदा ऐकता ऐकता टाळ हातात यायचे आणि काम तसंच राहायचं.

सोनगीरच्या लाउडस्पीकरवाल्या छगनने पेनड्राइव्ह पाठवला होता, त्यात कीर्तन भरून आणा म्हणून. तो लावला तर अँटीव्हायरसची लाल पाटी. पूर्ण तपासणी करू का? म्हटलं कर. दीड तासाने दोनशे चौदा दोष दाखवले आणि विचारलं, सगळे काढून टाकायचे का? उद्या महाराजांचा दिवस, देवघर पुसतो तसं हेही लख्ख असावं, एवढंच माझ्या डोक्यात. ‘होय’ दाबलं. मग ते यंत्र बंद होऊन सुरू झालं. कंपनीचं नाव, गोल फिरणारे ठिपके, निळा पडदा, चार ओळी इंग्रजी. पुन्हा कंपनीचं नाव. सहा वेळा तेच.

“एवढा घाम कशाला फुटलाय?” माझी बायको धुरपदा स्वयंपाकघरातून म्हणाली. “कॅसेटी आहेत ना? टेपवर लावा!”

कॅसेटी नव्हत्या.

जीर्ण पोथी आपण रद्दीत देत नाही. कोऱ्या कापडात बांधतो, हळदकुंकू वाहतो, वाहत्या पाण्यात सोडतो. महाराजांचा आवाज ज्या फितींवर होता, त्या भंगारात कशा टाकायच्या? शेवटची बाजू उतरवून झाली त्या गुरुवारी मी भुसावळला गेलो आणि अडतीसच्या अडतीस तापीत सोडल्या. हात जोडले. डोळे भरून आले होते, चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं. धुरपदा तेव्हा माहेरी. अक्कांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, विचारायचंच सुचलं नाही.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन प्रशीलच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पोरगा हुशार, पण तोंडाचा तिखट.

“काका, घरी कोणी फॉरमॅट मारलं नाही ना?”

“शेजारचा योगराज म्हणत होता मारू म्हणून.”

“त्यांना नमस्कार सांगा आणि लांब ठेवा. कीर्तनं कुठे ठेवलीत?”

“समोरच. डेस्कटॉपवर.”

“म्हणजे फॉरमॅटमध्ये पहिली तीच गेली असती.” त्याने डबा उघडला. “विंडोजच्याच फायलींना व्हायरस चिकटला होता. तुम्ही ‘सगळं’ म्हणालात, त्याने सगळं काढलं. काटा काढताना बोटच काढलं म्हणा. पण डिस्क शाबूत दिसते. ती माझ्या मशीनला जोडून बघू.”

मी स्टुलावर बसून नाम घेत होतो, पण मन कुठे लागतंय. डिस्क जोडली. माझं नाव दिसलं. ‘महाराज’ हे फोल्डर दिसलं. प्रशीलने उघडलं.

आत काहीच नव्हतं. पांढरं.

त्याच वेळी फोन वाजला. अक्का.

“भाऊ, मंडप बांधी राह्यनात. कोणतं कीर्तन लावतस?”

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तोंडातून निघालं, “अक्का, कॉम्प्युटर बिघडला. फोल्डर रिकामं दिसतंय.”

“बठ्ठं गयं का?” सगळं गेलं का, असं विचारून मग म्हणाल्या, “कॅसेटी शेतस ना पण?”

तेव्हा सांगितलं. कापड, हळदकुंकू, तापी, सगळं. पलीकडे मंडपवाल्यांचे हातोडे ऐकू येत होते.

“माले इचारानं व्हतं, भाऊ,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रशीलने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने सगळं ऐकलं होतं. “आमच्या आजोबांच्या भीमगीतांच्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत,” तो म्हणाला. “नदीत सोडायचं नाही सुचलं आम्हाला.” मग पडद्याकडे बघत राहिला. “पण काका, फोल्डर रिकामं आहे तर त्याचं वजन चार जीबी कसं?”

“म्हणजे?”

“या जातीचा व्हायरस खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या नावाच्या खोट्या पुढे ठेवतो. अँटीव्हायरसने खोट्या काढल्या. खऱ्या…” त्याने कुठेतरी खूण केली. पडद्यावर फिकट चौकोन उमटायला लागले. कॅसेट १ अ, १ ब, २ अ. मी बोटाने मोजत गेलो. शहात्तर बाजू.

त्याने मधलीच एक लावली. आधी खरखर, मग मृदंग, मग महाराज: “मांगे बठेल मंडळी, झोप लागनी का तुम्हले?” प्रशील मोठ्याने हसला. मला मात्र रडूच फुटलं.

त्याने दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायला घेतलं. मी अक्कांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा उचलला.

“सापडली, अक्का. सगळी.”

“लावा.”

मी फोन स्पीकरजवळ धरला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या कॅसेटीसवर त्यासना हातनं लिखेल व्हतं. गाव, तारीख. ते उतारं का?”

नव्हतं उतरवलं. मी नुसते आकडे टाकले होते. महाराजांचं अक्षर तापीत गेलं होतं, आणि ते कुठल्याच डिस्कवर सापडणार नव्हतं. हे आता मला कळत होतं.

“नाही, अक्का. माझं चुकलं. माफ करा.”

“माफी सकाळी मांगा. बठ्ठा गावसमोर.” आवाज कडक होता. मागे महाराज बोलत होते, बायका हसत होत्या, एक मूल रडत होतं. “हाई पारोळानं शे,” अक्का हळूच म्हणाल्या. “तवय मना थोरला पोटमा व्हता.”

प्रशीलने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ‘कॅसेट १७ ब’ पुसून ‘पारोळा’ लिहिलं.

“आते पुढली लावा,” अक्का म्हणाल्या.