माफीचा खोका

खोका इतका सुंदर बांधलेला होता की मला तो उचलून सरळ गॅलरीतून खाली फेकावासा वाटत होता. जांभळ्या कागदाच्या घड्या, वरून पांढरी पट्टी, आत लाल चवळीच्या गोड वड्या. आई टेबलापाशी बसून त्याचे कोपरे कुठे चेपले नाहीत ना ते बघत होती. सकाळी उठून ती हा खोका घेऊन डोंगरापलीकडे इकेदाला जाणार होती, एका म्हाताऱ्याची माफी मागायला.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"त्यांना त्रास झाला त्याबद्दल."

"कसला त्रास?"

"ते विचारायचं नसतं, सुमि."

बघा. इथेच माझं डोकं फिरतं.

माझी आई पिरोश्का. मूळची हंगेरीतल्या सेगेदची. बाबा कुपा मासे पकडणाऱ्या बोटीवर असतात, म्हणजे वर्षातला निम्मा काळ घरात नसतात. आणि आई कोचीतल्या, म्हणजे आमच्या या जपानी बंदरगावातल्या, एका सहलीच्या कंपनीत बस-गाइड आहे. निळा गणवेश, केसांवर पिनांनी बसवलेली इवलीशी टोपी, पांढरे हातमोजे. ती प्रवाशांकडे तोंड करून उभी राहते, डावा हात वर करते आणि अख्खी बस माना वळवून समुद्राकडे बघते. घाट लागला की इथली गाणी म्हणते. जपानी ती बंदरावरच्या मासे सोलणाऱ्या बायकांकडून शिकली, त्यामुळे तिची बोली ऐकून टोकियोचे लोक नुसते बघत राहतात आणि आमच्याकडचे म्हातारे खूश होतात. या हातमोज्यांसाठी तिने आधी कित्येक वर्षं बसच्या सीटा पुसल्या. परीक्षेच्या दिवसांत रोज संध्याकाळी ती न्हाणीघरात उभी राहून पाठ म्हणायची आणि मी टबाच्या काठावर बसून प्रवासी व्हायचे. बस लागलेला प्रवासी मी फार छान करते.

आता ते हातमोजे जाणार होते. इकेदाच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल तिने नेली होती आणि नंतर मंडळाच्या अध्यक्षांचा, कुनिशिगे-सान यांचा, कंपनीत फोन आला. काय बोलणं झालं ते आईला कुणी सांगितलं नाही. ऑफिसप्रमुख निशिमोरी-सान एवढंच म्हणाले की प्रवाशांकडून एक मत आलं आहे, तेव्हा जाऊन भेटून यावं. आणि जाता जाता सुचवलं की क्रूझने येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी बस सुरू करतोय, ती आईला शोभून दिसेल.

शोभून. आईला इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' येतं आणि 'सॉरी'. गेल्या चाचणीत मला इंग्रजीत काठावर पास केलंय, तरी घरात इंग्रजीची पंडित मीच आहे. पण आईचे केस पिवळे आहेत ना, मग इंग्रजी आत कुठेतरी असणारच, अशी त्यांची खात्री. त्या बसवर ती चार दिवसही टिकणार नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी म्हटलं, मीपण येणार. उन्हाळ्याची सुट्टी होती. आई नको म्हणाली, मग म्हणाली ये, पण तोंड उघडायचं नाही.

इकेदाच्या रेल्वेगाडीला गर्दी होती. आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, कितीही गर्दी असली तरी आईच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. कुणी वाईट वागत नाही, कुणी काही बोलत नाही, फक्त बसत नाही. मला सवय आहे. पण त्या दिवशी रागाच्या भरात मी मुद्दाम उठून दांडीला धरून उभी राहिले, बघू तरी म्हटलं. एक शाळकरी मुलगा आला, जागेकडे बघितलं आणि दाराशी जाऊन फोन काढून उभा राहिला. एक आजी पिशवी सावरत पुढे निघून गेल्या. ओबोकेची दरी आली, खाली हिरवंगार पाणी, सगळे खिडक्यांकडे झुकले, तरी जागा रिकामीच. शेवटी आईने मांडीवरचा खोका उचलून तिथे ठेवला. मला एवढं रडायला आलं की मी दरीलाच शिव्या घातल्या.

कुनिशिगे-सान यांचं घर चढावर होतं. त्यांनीच दार उघडलं. बनियन घातलेला बारकासा म्हातारा, आम्हाला बघून आत पळाला आणि शर्ट घालून आला. आई आत गेली, चटईवर गुडघे टेकले, खोका पुढे सरकवला आणि कपाळ खाली टेकवलं. माझ्यामुळे आपल्याला फार मनस्ताप झाला, असं म्हणाली. ते गडबडून म्हणाले, छे छे, मनस्ताप तर आम्हीच दिला, आणि तेही वाकले. मग आई आणखी वाकली. मग ते. दोघांची डोकी खाली आणि मध्ये तो मूर्ख जांभळा खोका. कुणीही पहिल्यांदा डोकं वर काढणार नव्हतं. पंखा फिरत होता. मला वाटलं, आता मी फुटणार. आणि फुटलेच.

"आजोबा, आईची चूक काय ते सांगा."

आईने वाकल्या वाकल्या माझा स्कर्ट ओढला. मी म्हटलं, नाही, सांगाच. म्हणजे निदान कळेल की आम्ही कशाची माफी मागतोय.

त्यांनी डोकं वर केलं. "चूक? कुणाची?"

"तुम्ही फोन केला होतात ना."

"केला होता की. गाइडबाईंनी फार मेहनत घेतली, त्यांचं जपानी फार छान आहे, आमच्या मंडळींच्या त्या कायम लक्षात राहतील, एवढंच..." आणि ते बोलता बोलता थांबले. स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

त्यांच्या पत्नी जवाचा थंड चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "घ्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, थोडं कमी गोड बोला. इतकं गोड तक्रार करणाराच बोलतो."

म्हणजे कौतुक होतं. खरंखुरं कौतुक. आणि आमच्या हुशार ऑफिसने त्यामागचं न बोललेलं ऐकून त्याची तक्रार बनवली होती. कारण पिवळ्या केसांच्या बाईचं कौतुक करायला कोण कशाला फोन करील?

म्हातारा लालबुंद झाला. तिथल्या तिथे त्यांनी निशिमोरी-सान यांना फोन लावला. गैरसमज झाला म्हणाले, शरदातल्या सहलीलाही आम्हाला याच बाई हव्यात म्हणाले. पलीकडून उत्तर आलं की जरूर, सकारात्मक विचार करू. त्यांनी फोन ठेवला. तिघंही चटईकडे बघत बसले. सकारात्मक विचार म्हणजे नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, माठातल्या सोनमाशालासुद्धा. मला तर या 'सगळ्यांना कळतं'चाच सगळ्यात जास्त राग येतो. कळतं ना? मग बोला की.

निघताना कुनिशिगे-सान यांनी आपल्या कौतुकामुळे झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि आईच्या हातात घरच्या मळ्यातल्या चहाचा डबा दिला.

परतीच्या गाडीत मी आईवर तुटून पडले. हळू आवाजात, कारण डब्यात लोक होते, पण तुटून. न विचारता वाकलीस कशी? काय झालं ते ठाऊक नसताना? तू कुठल्या चुकीची नाही, तुझ्या चेहऱ्याची माफी मागत होतीस.

"विचारलं असतं आणि खरंच चूक निघाली असती तर?" आई म्हणाली. "मी घाबरले होते, सुमि."

मग तिने हंगेरियनमध्ये एक शब्द उच्चारला. तो मी इथे लिहिणार नाही. पण तो माझ्यासाठी नव्हता.

सोमवारी सकाळच्या हजेरीला मी तिच्याबरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. हातात चहाचा डबा होता, ऑफिसात सगळ्यांना द्यायचा म्हणून, तेवढं निमित्त पुरलं. आवारात सगळ्या गाइड रांगेत उभ्या, बसच्या काचा पुसून तयार. निशिमोरी-सान म्हणाले, इकेदाची गोष्ट छान मिटली, पिरोश्का-सान यांनी फार कष्ट घेतले, आता त्या इंग्रजी बस सांभाळतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या.

"मला इंग्रजी येत नाही," आई म्हणाली.

निशिमोरी-सान हसले आणि आपल्याच चेहऱ्याभोवती हात फिरवत म्हणाले, "हो, पण तुम्ही... म्हणजे, पाहुण्यांना बरं वाटेल."

"आजच्या कात्सुराहामा किनाऱ्याच्या बसवर मी जाऊ का?"

त्यांनी दातांतून हवा आत ओढली. "ते जरा..."

इथे प्रत्येक माणूस या 'जरा'पाशी थांबतो. पुढचं आपलं आपण समजायचं आणि मागे सरायचं. आईने आजवर हेच केलं होतं. ती मागे सरली नाही.

"जरा काय?"

"म्हणजे, सध्या जरा..."

"जरा काय, निशिमोरी-सान? 'नाही' असेल तर 'नाही' म्हणा. न बोललेलं मला ऐकू येत नाही. मी परदेशी आहे."

हे तिने मासळीबाजाराच्या बोलीत म्हटलं. रांगेत कुणाला तरी खोकला आला. मुख्य गाइड ओगुरो-सान बुटांकडे बघायला लागल्या. निशिमोरी-सान यांचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्या माणसाने जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायला गेले तर शब्दच सापडेना. मग बसमधून ड्रायव्हर यासुओका काकांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "ओ ताई, गाडी सुरू करून ठेवलीय बघा. येताय ना?"

आईने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट ओढून, आणि ती पायऱ्या चढून गेली. दार बंद झालं. बस फाटकाबाहेर पडली तरी निशिमोरी-सान तसेच उभे.

पुढच्या आठवड्यात काय होईल, मला ठाऊक नाही. माझा राग काही गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाहीये. रांग मोडली तेव्हा निशिमोरी-सान यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "तुझ्या आईचं जपानी फार छान आहे हं."

"ही तक्रार आहे का?" मी विचारलं.

त्यांनी परत दातांतून हवा ओढली. मी चहाचा डबा हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहिले. मला सुट्टी होती.