उष्टी हळद आन् हिंगोलीचं मशीन

माझ्या हळदीला कोनी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे सेनगावात सगळ्यायला माहीत हाय. आन् नाव ठेवलं कोनी? माझ्या होनाऱ्या व्याह्यानं, ते बी ऐन लग्नाच्या दिवशी!

झालं असं. आदल्या दिवशी माझ्या वैजनाथला हळद लागली. रीतीपरमानं त्याची उष्टी हळद वाटीभर जवळा बाजारला नवरीकडं धाडली. सकाळी बघतात तर अपर्णाचा चेहरा सुजलेला, कपाळावर फोड! डॉक्टरनं मलम दिलं, पन कशानं झालं ते त्याला सांगता येईना. तिचे वडील उत्तमराव फोनवर कडाडले, "पार्वतीबाई, हळदीत रंग घातला तुमी. असल्या घरात माझं लेकरू देनार न्हाई मी."

"अवो, तीच हळद माझ्या पोराला लावली. त्याला काहून काही झालं न्हाई?"

"आमच्यासाठी येगळी भिजवली असंल!"

अंगाचा तिळपापड झाला माझा. घरच्या वावरातली हळद, माझ्या हातानं शिजवलेली, वाळवलेली! मी म्हनलं, "ती वाटी घ्या आन् हिंगोलीला या. तपासू. खोट निघाली तर वऱ्हाड मीच मागं फिरवते."

हिंगोलीच्या प्रयोगशाळेत रेवती नावाची पोरगी हाय, तिच्याकडं नवं मशीन आलंय. उत्तमराव नवरीला आन् आपल्या बहिनीला, मिराबाईला, घेऊन आले. लग्न सांजंला. मला धाकधूक, की आता ही पोरगी कांडनार, उकळनार, गाळनार, आन् निकाल येनार नातवाच्या बारशाला.

कशाचं काय! तिनं काचेची काडी मी घरून आनलेल्या आमच्या पोत्यातल्या हळदीत बुडवली आन् मशीनच्या तोंडापुढं नुसती धरली. नळीतून गरम वारं आलं, आन् लगेच पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या.

"हे मशीन बारीकात बारीक कणाचं वजन करतं, मावशी," रेवती म्हनाली. "वजनावरून तो कण कशाचा ते कळतं."

अगं माय! बाजारात हळदीचा एक कट्टा तोलायला हमाल दहा वेळा कुरकुर करतो, आन् हे न दिसनाऱ्या कनाचं वजन करून राहिलं! खरं सांगते, हात जोडले मी त्याला.

मग तिनं वाटीतली हळद धरली. मग कापसाचा बोळा अपर्णाच्या कपाळावरून हळूच फिरवून तो धरला. ह्या दोन्हीच्या रेघा बराबर सारख्या.

"रंग नाही, भेसळ नाही," ती म्हनाली. "पण वाटीत आणि कपाळावर एक जास्तीचं तेल आहे. पोत्यातल्या हळदीत ते नाही. असं तेल बिब्यात असतं, त्वचेला लागलं की फोड येतात. घरात बिबा वापरला का कुणी?"

मिराबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी बांधला," ती म्हनली. "काळ्या दोऱ्यात ओवून, वाटीच्या काठाला. पोरीला नजर लागू नये म्हनून. थंडी लई व्हती, तर वाटी चुलीवर जरा कोमट केली. बिबा तापून तेल सोडंल, हे ध्यानातच न्हाई आलं गं माय."

उत्तमराव खवळले. "अक्कल गहान ठेवली व्हती का? सगळ्यायसमोर माझं नाक कापलं!"

सकाळपासून मला कोनावर तरी तुटून पडायचं व्हतं. आता मानूस समोर व्हतं, हळद माझी खरी ठरली व्हती, तोंडात शब्द तयार व्हते. मी तिचा हात धरून खसकन ओढला, तशी ती कळवळली. पदराआडून हात भायेर आला. बोटं सगळी फोडांनी भरलेली. नवरीला पहिली हळद तिनंच लावली व्हती. सकाळपासून लपवून राहिली व्हती बिचारी, नवरीच्या दुखन्यात आपलं कशाला म्हनून.

माझा राग कुठल्या कुठं गेला. डोळेच भरून आले.

"उत्तमराव," मी ओरडले, "बहिनीला आधी दवाखान्यात न्या! पोरीकडं मी बघते. ती आता माझी हाय."