दोन किलवरचा अर्थ

चष्मेवाल्याचा संशय सुरुवातीला अगदी बारीक होता, फ्रेमच्या स्क्रूएवढा. पण संशय हा असा भाडेकरू, की भाडं देत नाही आणि वर खोल्या वाढवत बसतो.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षिका ब्रिज शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत. पहिल्या तासाला चष्मेवाला बायकोबरोबर गेला आणि 'ज्या रंगाची पानं जास्त, त्या रंगाची बोली' एवढं शिकून आला. दुसऱ्या तासाला दुकानात गिऱ्हाईक होतं.

"काय शिकवलं ते सांगू का?" बायकोने रात्री विचारलं.

"पत्ते तू मला नको शिकवूस."

मग तिला जोडीदार मिळाला तो दातांचा तरुण डॉक्टर. गुरुवारची दुपार त्याच्या घरी सरावात जाऊ लागली. परवाच्या गुरुवारी चष्मेवाला दुकानाला कुलूप लावून त्या घरासमोरच्या बाकावर वर्तमानपत्राआड बसला होता. दिसला काय, तर पडदा.

आज ती जोडी त्याच्याच टेबलावर होती. आपला जोडीदार घड्याळजी, त्याला त्याने जिन्यातच सांगून ठेवलं होतं, "पाणी कुठं मुरतंय ते आज दाखवतो."

"एक नो ट्रम्प," बायको म्हणाली. म्हणजे कुठलाच रंग हुकूम नको. घड्याळजी पास.

डॉक्टरने कान खाजवला. "दोन किलवर."

कान चष्मेवाल्याने मनात टिपून ठेवला. "पास."

"दोन चौकट," बायको.

"तीन नो ट्रम्प," डॉक्टर. बाकी सगळे पास.

बोली बायकोच्या जोडीने जिंकली, म्हणून नियमाप्रमाणे डॉक्टरने पानं उघडी मांडली. किलवर दोनच, दुर्री आणि तिर्री. पुढे चौकटची तिसरी फेरी आली, तर बायकोने बदाम टाकला. तिच्याकडेही चौकट दोनच होती.

चष्मेवाल्याने हातातली पानं पालथी ठेवली.

"बाई, जरा इकडे या. याने खोटं किलवर सांगितलं, हिने खोटं चौकट. आणि दोघांना एकमेकांचं खोटं बरोबर कळलं. घरी तालीम केल्याशिवाय असं जमत नाही."

शेजारच्या टेबलावरची बोलीसुद्धा थांबली.

"तुमची पाळी होती तेव्हा विचारलंत का?" बाई म्हणाल्या.

"काय विचारायचं?"

"बोलीचा अर्थ. इथे चोरून ठरवलेलं चालत नाही. समोरच्याने विचारलं की जोडीदाराला सांगावंच लागतं." त्या बायकोकडे वळल्या. "सांग गं, दोन किलवर म्हणजे?"

"बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का, असं ते विचारतात."

"आणि दोन चौकट?"

"नाहीत, एवढंच," डॉक्टर म्हणाला. "किलवर-चौकटशी संबंध नाही, काका. दुसऱ्या तासाला झालं होतं हे."

"दिवे लावलेस," घड्याळजी पुटपुटला.

परतताना कोपऱ्यावर त्याने बायकोला विचारलं, "गुरुवारी त्याच्याकडे कोण कोण असतं?"

"त्याची बायको आणि सासू. ब्रिजला चार माणसं लागतात, एवढं तर पहिल्या तासाला सांगितलं होतं." ती थांबली. "आता माझी पाळी. परवा त्या सासूबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, तुमचे हे उन्हात का बसलेत, आत बोलवू का? मी काय सांगायला हवं होतं?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पास," तो म्हणाला.

"पास चालणार नाही. विचारलं की सांगावंच लागतं."