सही केलेले तापमान

शिबिराची लस ठेवलेल्या फ्रीजच्या तापमान-वहीत चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकच आकडा होता: चार अंश. फ्रीजचे तापमान असे वागत नाही. दार उघडले की ते चढते, वीज गेली की आणखी चढते. आणि तळेघरच्या बाजूला वीज न जाता चौदा दिवस गेले, यावर माझा विश्वास नव्हता. तरीही पानाच्या तळाशी ‘तपासले’ असे लिहून मी सही केली.

मे महिन्यात एका संस्थेने वाड्यावस्त्यांवरच्या पाळीव कुत्र्यांसाठी रेबीजच्या लशीचे शिबिर घेतले होते. नोंदणीकृत पशुवैद्य म्हणून त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्रेचाळीस कुत्री टोचली, त्रेचाळीस प्रमाणपत्रे दिली. प्रत्येकावर माझी सही आणि नोंदणी क्रमांक.

जुलैत एका शुक्रवारी सकाळी दादाभाऊचा फोन आला. शिबिरात तो माझा मदतनीस होता. लस त्याच्याच घरच्या फ्रीजमध्ये ठेवली होती आणि तापमानाची वहीही तोच भरत होता.

“मॅडम, यादीतनं एक कमी करा. ठमाबाईचा भुऱ्या परवा बिबट्यानं नेला. तसा बी गप पडून व्हता. सोमवारी तर म्हातारीलाच चावला.”

“चावला? रक्त आलं?”

“आलं की. पण काळजी न्हाई, आपली लस व्हती ना.”

चावलेले कुत्रे पुढचे दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. भुऱ्या तिसऱ्याच दिवशी गेला होता. ठमाबाई आणि रेबीज यांच्यामध्ये आता आमच्या लशीखेरीज काहीच नव्हते. ती फ्रीजमध्ये नेमकी कुठे ठेवली होती, हे मी तेव्हा प्रथमच विचारले.

“वरच्या बर्फाच्या कप्प्यात. लाईटचा काय भरवसा? म्हटलं दगडागत गोठू दे, वाडीवर चालत जाईस्तोवर थंड राहील.” आवाजात अभिमान होता.

“आणि वहीतले चार अंश?”

“खोक्यावर दोन ते आठ छापलं व्हतं. मी आपला मधला आकडा धरला.”

दोन आणि आठच्या मध्ये पाच येतात, हे सांगण्याचा मोह मी आवरला. ही लस गोठली की तिची खात्री संपते, आणि वितळल्यावर नुसत्या नजरेला बाटली पूर्वीसारखीच दिसते.

दोन तासांनी मी दादाभाऊला घेऊन ठमाबाईंच्या पडवीत होते. सत्तरीच्या बाई, हाताला हळद-चुना लावलेला. सून भागू आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, रोपे मोजून जुड्या बांधत होती.

“घोडेगावला इंजेक्शनं घ्यायची? आन आवणी कोण करंल?” ठमाबाई म्हणाल्या. “भुऱ्याला तुमीच टोचलं. कागद हाये माझ्यापाशी.”

“तो कागद खरा धरू नका.”

“तुमचाच हाये की!”

समजावण्यापेक्षा दाखवणे बरे. दादाभाऊकडे उरलेली एक बाटली आणि माझ्या दवाखान्यातली, न गोठलेली दुसरी, अशा दोन्ही मी एकदमच जोरात हलवल्या आणि ओट्यावर ठेवल्या. दोन्ही सारख्याच गढूळ झाल्या. पाचेक मिनिटे गेली. मग दादाभाऊच्या बाटलीत कण तळाशी बसू लागले, वर पाणी निवळले. दुसरी होती तशीच राहिली.

ठमाबाईंनी वाकून पाहिले. “ही फाटली.”

“हो. गोठली होती.”

“दुधागत. मंग पुना नीट व्हत न्हाई.” त्यांनी मान वर केली. “आन तुमी सही कशी केली?”

“न बघता.”

भागू हातातली जुडी ठेवून हसली. “आमचा अंगठा बी धा येळा बघून घेत्यात, बाई.”

दादाभाऊ जमिनीकडे पाहत होता. “चूक माझी हाये, मॅडमची न्हाई.”

“तू गप रं,” ठमाबाई म्हणाल्या. “तुला सांगितलं व्हतं का कुणी, बर्फात ठिऊ नगं म्हणून?”

कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते, आणि ते झाले की नाही हे पाहण्याचेही माझेच.

साबणाने जखम धुऊन आम्ही घोडेगावला निघालो. वाटेत ठमाबाईंनी विचारले, “बाकीच्यांना कोण सांगणार?”

“मी. घरोघर जाऊन. कुत्र्यांना पुन्हा टोचायचं, आणि मधल्या काळात कुणाला चावलं असेल तर त्याला घोडेगावला आणायचं.”

सरकारी रुग्णालयात त्यांना आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून संस्थेला आणि पशुवैद्यक परिषदेला पत्र लिहिले. लस गोठलेली होती. मदतनिसास साठवणुकीचे प्रशिक्षण दिले नव्हते. अशक्य वाटणाऱ्या अठ्ठावीस नोंदी मी पडताळल्याविना प्रमाणित केल्या. दादाभाऊने खांद्यावरून वाचले.

“ह्यानं तुमचं लायसन जाईल?”

“चौकशी होईल. पुढचं ते ठरवतील.”

“मंग कशाला लिवता? कुणाला कळणार व्हतं?”

तेवढ्यात दार उघडले. ठमाबाई दंड धरून बाहेर आल्या.

“पुना कवा?”

“सोमवारी. मग आणखी तीनदा.”

“ऐन आवणीत!”

“ऐन आवणीत.”

त्यांनी मला नीट न्याहाळले. “सोमवारी सकाळी सातला गाडी दारात पायजे. आन कुणाला धाडू नका. तुमी या.”

“मीच येते,” मी म्हणाले आणि पत्राखाली सही केली.