ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर

ऑनलाइन जुगार खेळायचा तर सांभाळून, असं मी शेजारच्या हेमाला शिकवत असे. दुसऱ्याला शहाणपण शिकवायची मला हौसच आहे. महिन्याला पन्नास दिरम, म्हणजे साडेसहाशे रुपये, त्यापुढे एक फिल्स नाही. पासवर्ड कुठे लिहायचा नाही. हरलं की उठायचं. माझी लेक दिया शाळेतून यायच्या आत कॉम्प्युटर बंद. २००२ साल होतं. जुगाराच्या बहुतेक साइट्स इथे उघडतच नसत, ही एक कशी कोण जाणे उघडायची. कायद्याने गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. पण शारजातल्या चौथ्या मजल्यावर, बंद दाराआड, कोणाला कळणार होतं?

खातं मी नवऱ्याच्या, गुणवंतच्या नावाने काढलं, कारण क्रेडिट कार्ड त्याचं. त्याला अर्थातच काही माहीत नव्हतं. फॉर्मवर पत्ता विचारला, तो मी न थांबता भरला. इथे घरी पोस्टमन येत नाही. बारा वर्षं आईची पत्रं, विम्याच्या नोटिसा, दिवाळी अंक, सगळं गुणवंतच्या दुबईतल्या, रास अल खोरच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येत होतं. हाताला तेवढा एकच पत्ता पाठ.

त्या बुधवारी गुणवंत चार वाजताच घरी आला. एरवी दुबईहून यायला ट्रॅफिकमध्ये आठ वाजतात. चहा पिता पिता त्याने सांगितलं की ऑफिसात त्याच्या नावाने एक खोकं आलं. तिथली पद्धत अशी की आलेलं सगळं टपाल मॅनेजरच्या टेबलावर उघडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, मग ज्याचं त्याला द्यायचं. जहूरसाहेबांनी खोकं उघडलं तर आत पत्त्यांचे दोन कॅट आणि कसिनोच्या लाडक्या सभासदाला भेट म्हणून चिठ्ठी.



गुणवंतने साहेबांना शपथेवर सांगितलं, हे माझं नाही. बारा वर्षांची नोकरी, त्यांनी विश्वास ठेवला. मग विचारलं, तुझी कागदपत्रं आणखी कोणाच्या हातात असतात?

"मी रफिकचं नाव घेतलं," गुणवंत म्हणाला. "बँकेची कामं, पासपोर्टच्या कॉप्या, सगळं त्याच्याकडेच. दुसरं कोण असणार? त्याचा व्हिसा कॅन्सल, उद्या सकाळच्या फ्लाइटने परत. खलास."

रफिक ऑफिसची सरकारी कामं करायचा. दियाच्या व्हिसासाठी त्याने भर उन्हात पाच खेपा घातल्या होत्या. दिवाळी अंक आला की स्वतः घरी आणून द्यायचा, आणि चहाला थांब म्हटलं की लाजायचा.

मी सगळं सांगून टाकलं. गुणवंत ओरडेल असं वाटलं होतं. त्याने उठून दियाच्या, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. जहूरसाहेबांना आत्ताच्या आत्ता फोन कर, मी म्हणाले.

"फोन केला तर पोलीस येतील," तो हळूच म्हणाला. "नोकरी जाईल, दियाची शाळा जाईल. सुचित्रा, तू मला काही सांगितलं नाहीस. मी काही ऐकलं नाही."

मला धक्काच बसला. ह्याच माणसाच्या सरळपणाचं मी माहेरी जाऊन कौतुक सांगत असे. त्या क्षणी मला त्याची किळस आली. तू करत नसशील तर मी करते, असं म्हणून मी डायरीतून साहेबांचा घरचा नंबर काढला आणि फिरवला. त्याने अडवलं नाही.

"हॅलो? कौन?" जहूरसाहेबांचा आवाज आला.

रफिकचं नाव अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून दियाची हाक आली, "मम्मा, आय ॲम हंग्री."

"सॉरी, राँग नंबर," मी म्हणाले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

गुणवंतने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला, आणि तो माझा मलाच ऐकू आला.