धुऱ्यापलीकडची मिरची

मालेगावच्या बाजारात मिरचीचे व्यापारी भागचंद शेटजींनी हौसाबाईची मिरची हातात घेतली, वास घेतला आणि चारचौघांत म्हणाले, "माल असावा तर असा." शेजारीच टोपली मांडून बसलेल्या तुळसाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

हौसाबाई तिची धाकटी जाऊ. वाटणीत मळ्याचे दोन तुकडे पडले होते. विहीर एक, माती एक, मध्ये हातभर बांधाचा धुरा. तरी शहात्तर साली पावसानं ओढ दिली तेव्हा तुळसाबाईच्या झाडांनी माना टाकल्या आणि धुऱ्यापलीकडं मिरची हिरवीगार. तुळसाबाईनं मंगरूळपीरहून नव्या वाणाचं बी आणलं होतं, सुपर खताच्या दोन गोण्या ओतल्या होत्या. धाकटीनं खताचा दाणाही टाकला नव्हता.

"मातीत काही पुरलं असंल तिनं," ती नवऱ्याला म्हणाली.

शेषराव हसला. "तिनं काय पुरलं? तू आपलं पाह्य."

नवराही धाकटीचीच बाजू घेतो, म्हणून तिला घास गोड लागेना. एका भर दुपारी हौसाबाई घरी गेलेली पाहून ती धुरा ओलांडून गेली, मिरचीच्या बुडाची माती हातानं उकरली आणि आठ टोपल्या आपल्या वाफ्यात आणून टाकल्या. नखं फुटली. महिना गेला, झाडं होती तशीच.

पुढं अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला संशोधक इंद्रभान मिरचीची मुळं तपासायला आला. दोन्ही मळ्यांतली मुळं घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परतून त्यानं हौसाबाईच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. तिच्याच ओट्यावर काहून, हेही तुळसाबाईला टोचलं. पण डोळा लावल्याशिवाय राहवलं नाही. हौसाबाईच्या मिरचीच्या मुळात निळ्या रंगानं रंगवलेले धागेच धागे, सूत सांडावं तसे. तिच्या स्वतःच्या मिरचीच्या मुळात कुठं एखादा.

"ही बुरशी हाये," इंद्रभान म्हणाला. "पण रोग नव्हे. हे धागे मातीत दूर पसरतात, झाडाले पाणी अन् स्फुरदासारखं अन्न आणून देतात. झाड त्याइले साखर देते."

"मंग माह्या मातीत नाही काय?"

"दोघींच्याबी मातीत हाये. पण हौसाबाईचं जुनं वाण या बुरशीले मुळात घेते, तुमचं नवं फारसं घेत नाही. त्यात खत जास्त झालं की झाड तिले विचारतच नाही."

"म्हंजे माती आणून टाकली तरी काही होत नाही?" तुळसाबाईच्या तोंडून निसटलं.

हौसाबाईनं मान वर केली. "बाई, ते खड्डे मी रानडुकराचे समजली होती."

तुळसाबाईला वाटलं, आता ही गावभर करील. पण हौसाबाई आत गेली आणि बियांची पुरचुंडी घेऊन आली. "घ्या. सासूबाईचं बी हाये. वाटणीच्या वेळी तुमालेबी देऊन राह्यल्या होत्या, तुमी नाही म्हटलं."

दोन शब्द टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. तुळसाबाईनं पुरचुंडी घेतली आणि घर गाठेपर्यंत मुठीत आवळून धरली.

पुढच्या वर्षी तिनं तेच बी लावलं, खत टाकताना हात आखडता घेतला. झाडांनी जीव धरला, मिरच्या लटकल्या. तरी रोज सकाळी ती धुऱ्यावर उभी राहून दोन्हीकडची झाडं न्याहाळत असे.

केनवड गावची रुखमाबाई मिरची पाहून म्हणाली, "बाई, बी कोठचं हे?"

"आमच्या सासूबाईचं," तुळसाबाई म्हणाली. हौसाबाईचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.